लढवय्या भिक्षूंच्या काल्पनिक संघातील शिक्षणाचे टप्पे कशाच्या आधारे ठरवावेत?

अरण्यवाट (प्रश्न)

मी एक दीर्घ कादंबरी लिहीत आहे. डोंगरमाथ्यावरच्या मठात राहणारा आणि खालच्या खिंडीतून जाणाऱ्या यात्रेकरूंचे रक्षण करणारा भिक्षूंचा एक संघ तिच्या केंद्रस्थानी आहे. कथानायक नवव्या वर्षी मठात येतो आणि सव्विसाव्या वर्षी त्याला पूर्ण दीक्षा मिळते, त्यामुळे मधली सतरा वर्षे हाच कादंबरीचा मोठा भाग आहे. या वर्षांसाठी मी सात टप्पे आखले होते: आधी मुष्टियुद्ध, मग काठी, भाला, तलवार, धनुष्य असे चढत जायचे आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक परीक्षा द्यायची. दहा प्रकरणे लिहून झाल्यावर सलग वाचून पाहिली, तेव्हा ती शाळेतल्या इयत्तांसारखी वाटली. परीक्षा उत्तीर्ण होण्यापलीकडे मुलाच्या आयुष्यात काहीच बदलत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. शस्त्र हा निकष नसेल, तर एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात जाणे म्हणजे नेमके काय? दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. या संघात जीवहत्या न करण्याचे व्रत आहे. ते शस्त्र हाती येण्यापूर्वी घ्यायचे की नंतर?

जुनी पाने

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी मठांच्या जुन्या नियमांतून शोधीन, कारण तिथे कौशल्यापेक्षा बांधिलकीच्या आधारे टप्पे पाडलेले दिसतात. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी ख्रिस्ती मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत नव्याने आलेल्याला सहजासहजी आत घेऊ नये असे स्पष्ट सांगितले आहे. चार-पाच दिवस अवहेलना सोसूनही तो दाराशी टिकून राहिला, तरच त्याला आधी पाहुण्यांच्या दालनात आणि मग नवशिक्यांच्या दालनात न्यायचे. दोन महिन्यांनी त्याला संपूर्ण नियमावली वाचून दाखवायची, त्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा आणि पुढे चार महिन्यांनी तिसऱ्यांदा, म्हणजे हिशेब बरोबर एक वर्षाचा होतो. हे पाळणे जमणार नसेल तर तू मोकळेपणाने परत जाऊ शकतोस, हेही त्याला सांगितले जाते. या नियमावलीतला मला सर्वांत हृद्य वाटणारा तपशील असा की, दीक्षेच्या वेळी उतरवलेले त्याचे स्वतःचे कपडे फेकून न देता कोठीत जपून ठेवायचे असतात, कारण पुढे कधी तो मठ सोडून निघालाच तर ते त्याच्या अंगावर असावेत. आपल्या नायकाचे नऊ वर्षांच्या मुलाच्या मापाचे कपडे सतरा वर्षे एका फडताळात पडून आहेत, एवढ्या एका गोष्टीवर एक प्रकरण उभे राहील.

जपानमधील हिएई पर्वतावर तेंदाई या बौद्ध पंथाचे भिक्षू सात वर्षांत मिळून एक हजार दिवसांची डोंगरप्रदक्षिणा करतात. तिच्या पहिल्या शंभर दिवसांत माघार घेण्याची मुभा असते, मात्र एकशे एकाव्या दिवसापासून ती नसते. दोन्ही दिवशी वाट तीच असते आणि पायही तेच असतात, पण परतीचे दार मात्र बंद झालेले असते. आपले टप्पे असे दारांवरून ठरवून पाहावेत, असे मला वाटते: कोणते दार उघडले, कोणते मिटले आणि ते मिटले हे मुलाला त्या वेळी कळले की पुढे वर्षांनी.

दंडपाणि

मी वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु शस्त्रांचा क्रम अगदीच गौण मानू नये, कारण तोही पुष्कळ काही सांगतो. आपण मुष्टियुद्ध आरंभी ठेवले आहे. केरळच्या कळरिपयट्टू या युद्धकलेत नेमके उलट आहे. तिथे आधी मेय्तारी, म्हणजे शरीर घडवणारे व्यायाम आणि हालचालींचे बांधलेले क्रम. मग कोल्तारी, म्हणजे लाकडी शस्त्रे. मग अंकत्तारी, म्हणजे धातूची धारदार शस्त्रे. आणि सर्वांत शेवटी वेरुंकै, म्हणजे रिकामे हात. रिकाम्या हाताने सशस्त्र माणसाला सामोरे जायचे तर अंतराचा आणि क्षणाचा अचूक अंदाज लागतो आणि तो शस्त्र हाताळून झाल्यानंतरच येतो. याच परंपरेत मर्मस्थानांचे ज्ञान शेवटी दिले जाते आणि त्याच्या जोडीला मर्दन आणि उपचारही शिकवले जातात, त्यामुळे मर्मावर आघात कसा करायचा हे ज्याला ठाऊक असते, त्याला दुखावलेले अंग बरे करण्याची विद्याही ठाऊक असावी लागते. आपल्या मठातला सर्वांत घातक माणूस रुग्णशाळेत बसून पोरांचे मुरगळलेले घोटे चोळत असेल, तर वाचकाला त्याच्या पायरीची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही.

नऊ वर्षांच्या मुलाविषयीही थोडे लिहितो. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा थर असतो आणि हाडाची लांबी तिथेच वाढते, म्हणून त्या वयात जड शस्त्रे आणि कठोर आघात यांनी शरीर घडण्याऐवजी बिघडण्याचा धोका असतो. मोठ्यांमध्येसुद्धा स्नायू लवकर बळावतात, पण त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा बऱ्याच सावकाश, त्यामुळे अंगात जोर आल्यासारखे वाटते त्याच काळात दुखापती अधिक होतात. जाणता गुरू पहिली काही वर्षे मुलाला चालणे, खाली बसून उठणे, तोल सांभाळणे आणि मुख्यतः पडणे शिकवील. मी स्वतः लाठी शिकू लागलो तेव्हा पहिले कित्येक आठवडे माझ्या हाती काठी आली नव्हती. नुसते पाय टाकायला लावत असत. त्या वेळी मला तो वेळेचा अपव्यय वाटला. काठी हाती आली त्या दिवशी मात्र पाय आपोआप जागेवर जात होते.

तटबंदी

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. मुलांना लहानपणी घेऊन घडवणे ही लढवय्या संघांची सार्वत्रिक रीत नव्हती. टेंप्लर या ख्रिस्ती लढवय्या भिक्षूंच्या संघाला 1129 साली फ्रान्समधील त्र्वा येथील धर्मसभेत नियमावली मिळाली आणि तिने लहान मुलांना संघात घेऊ नये, शस्त्र पेलण्याइतके वय होईपर्यंत थांबावे, असेच सुचवले होते. तिथे येणारा सरदार युद्धकला आधीच शिकून आलेला असे. संघ त्याला आज्ञापालन, मौन आणि सामायिक जेवण शिकवी, म्हणजे लढवय्याचा भिक्षू घडवीत असे. आपण भिक्षूचा लढवय्या घडवीत आहात. ही निवड चुकीची नाही, पण ती जाणीवपूर्वक केलेली असावी आणि त्या मठात बाहेरून येणारे एखादे प्रौढ, मुरलेले पात्र असावे, म्हणजे दोन्ही वाटा एकमेकींवर घासतील.

टेंप्लरांकडून घेण्याजोगी दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्याकडे पायरी उतरावीही लागत असे. गंभीर अपराधासाठी संघबंधूचा झगा काढून घेतला जाई आणि शिक्षा संपेपर्यंत त्याला जमिनीवर बसून जेवावे लागे. आपल्या सात टप्प्यांत कोणी खाली येतच नाही. टप्पा गमावता येत नसेल, तर तो मिळवल्याचे मोलही वाचकाला जाणवणार नाही.

जुनी पाने

आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे आता वळतो. बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमसंहितेत, श्रामणेराच्या (नवशिक्या भिक्षूच्या) दहा शिक्षापदांपैकी, म्हणजे नियमांपैकी, पहिलेच प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे. वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या उपसंपदेनंतर, म्हणजे पूर्ण दीक्षेनंतर, तर मनुष्यहत्या हा पाराजिक अपराध ठरतो, म्हणजे तो करणारा भिक्षू राहतच नाही. मात्र त्याच विनयात आणखी एक तरतूद आहे: साक्षीदारासमोर स्पष्ट शब्दांत शिक्षेचा, म्हणजे भिक्षूच्या नियमांचा, त्याग करून भिक्षूला गृहस्थ होता येते आणि पुढे त्याला पुन्हा उपसंपदा घेता येते. ज्येष्ठता भिक्षू म्हणून घालवलेल्या वर्षावासांवरून (पावसाळ्यातल्या एका जागच्या मुक्कामांवरून) मोजली जाते आणि पुन्हा दीक्षा घेतल्यावर ती गणना नव्याने सुरू होते.

ही तरतूद आपल्या संघात आणून पाहा. खिंडीत उतरण्यापूर्वी प्रत्येक योद्ध्याने व्रत परत करायचे, फडताळातले जुने कपडे अंगावर चढवायचे, लढून परत यायचे आणि पुन्हा दारात उभे राहायचे. ज्याने यात्रेकरूंसाठी सर्वाधिक वेळा शस्त्र उचलले, त्याची ज्येष्ठता सर्वांत कमी राहील. व्रत आधी की शस्त्र आधी, या प्रश्नाचे उत्तर मग प्रत्येक युद्धापूर्वी नव्याने द्यावे लागेल.

अरण्यवाट

आपणा सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. काल रात्री मी सातही टप्पे काढून टाकले. आता तीनच उरले आहेत: दाराबाहेरचा, दाराच्या आतला आणि परत येऊन पुन्हा दाराशी उभा राहिलेला. काठीचे आणि पडण्याचे शिक्षण या तिन्हींतून वाहत राहील, त्याला स्वतंत्र पायरी नसेल. मुष्टियुद्ध शेवटाकडे नेले आहे आणि ते शिकवणारा वृद्ध आता रुग्णशाळेत आहे.

पहिले प्रकरणही पुन्हा लिहायला घेतले आहे. नऊ वर्षांचा मुलगा पहिल्यांदा भोजनाच्या पंगतीत येतो, तेव्हा सर्वांत शेवटची जागा आपली असणार असे गृहीत धरून तो तिकडे चालू लागतो. तिथे साठीचा एक माणूस आधीच बसलेला असतो. त्याच्या कपाळावर ताजी जखम असते आणि तो किंचित सरकून मुलाला आपल्या वरची जागा देतो.

तटबंदी, आपण सुचवलेल्या प्रौढ पात्राविषयी एकच शंका आहे. जो मुळातच लढवय्या म्हणून आला आहे, त्याने व्रत परत करताना कोणते कपडे घालावेत? त्याचे जुने कपडे म्हणजे चिलखतच असेल.

तटबंदी

मग चिलखत फडताळात राहू द्या, पण त्याची देखभाल कोणाकडे असेल ते ठरवा. लोखंडाला तेल लावले नाही तर गंज चढतो. ते काम तुमच्या मुलाकडे द्यावे, असे मी सुचवीन.