मदत हवी आहे: दसरा-दिवाळीत काम मिळतंय का, की थांबायचं?

काकतीकर: घट बसल्यापासून जाईन तिथं एकच उत्तर, "दिवाळी होऊ दे, मग ये." बेळगावातली उद्यमबाग वसाहत फिरून झाली, मच्छेच्या कारखान्यांतही बायोडाटा देऊन आलो. वॉचमन गेटवरच कागद ठेवून घेतोय, पुढं तो कुणाकडं जातोय देव जाणे. कॉन्ट्रॅक्ट संपलंय. आई म्हणते तुळशीचं लग्न झाल्यावर बघ. तोवर गाडीचा हप्ता कोण भरणार? या दिवसांत खरंच कोणी घेत नाही का? ज्यांना माहीत आहे त्यांनीच सांगा, लवकर.

शहापूरकर: ट्रेड कुठला? आयटीआय की डिप्लोमा? अनुभव? काहीच लिहिलं नाहीस की.

व्हीएमसी_सेटर: आई बरोबर सांगते. बोनस हातात पडल्याशिवाय कोणी काम सोडत नाही, म्हणून आत्ता जागा नाहीत. भाऊबीज झाली की लोक सोडायला लागतात, मग सुपरवायझर स्वतः फोन करतात. मी असाच लागलो. तोवर फॅनुकवर (सीएनसी मशीनचा कंट्रोलर) हात बसव, ट्रायल मशीनवरच घेतात.

काकतीकर: मी ऑपरेटर नाही. घेतात की नाही एवढंच विचारलंय.

निपाणीकर: बेळगावात बसून काय होणार? चाकण-भोसरी गाठ. माझे दोन्ही भाऊ तिकडंच आहेत.

गोकुळ_शिरगाव: पुण्याला खोलीभाडं आणि खानावळ जाऊन हातात काय राहतंय ते भावांना विचारा. त्यापेक्षा कागल, शिरोली बरं, रविवारी घरी येता येतंय.

निपाणीकर: भावांनी तिथं राहून इथलं घर बांधलंय. न बघता बोलू नका.

सीमावासी: महाराष्ट्र हक्क सांगतोय त्या सीमाभागातल्या ८६५ गावांत तुझं गाव येतंय का बघ. मराठी येत असेल आणि १५ वर्षं तिथं राहत असल्याचा दाखला असेल तर महाराष्ट्र शासनाच्या भरतीला अर्ज करता येतो. सरकारी नोकरीच धर. आपल्या पोरांना हे कोणी सांगत नाही, याचं फार वाईट वाटतं.

खानापूरची_ताई: अहो, त्याला या महिन्याचा हप्ता भरायचाय, भरतीचा निकाल कधी लागणार? भावा, ऑपरेटर नाहीस तर कोण आहेस? मी मशीन शॉपच्या स्टोअरला आहे, ट्रेड कळल्याशिवाय कुणाला विचारू?

काकतीकर: मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन. आयटीआय. फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) सहा वर्षं. झालं?

जुना_फौंड्रीवाला: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस की बे! वर दिलेला सल्ला ऑपरेटरचा आहे, तुझा हंगाम तर आत्ताच आहे. उत्पादन चालू असताना फर्नेस (भट्टी) कोण बंद करू देतंय? भट्टीचं आतलं लायनिंग, क्रेनची तपासणी, विजेच्या पॅनेलची साफसफाई, विजेच्या मोटारी रिवाइंडिंगला (तारा नव्यानं गुंडाळायला) पाठवणं, सगळं दिवाळीच्या बंदमध्ये काढतात. कंपनीची माणसं तेव्हा गावाला गेलेली असतात, म्हणून बाहेरून घेतात. पण ही माणसं एचआर ठरवत नाही. मेंटेनन्स हेड ठरवतो, नाहीतर ज्या कॉन्ट्रॅक्टरला शटडाऊनचं काम दिलंय तो. एचआर आत्ता बोनसच्या कागदांत बुडालेलं आहे, तिथं तुझा बायोडाटा दिवाळीपर्यंत कोण उघडणार नाही. बंदमध्ये ज्याचं काम दिसतंय त्याला नंतर पक्कं घेतलेलं मी पाहिलंय. इंडक्शन फर्नेसवर (विजेवर धातू वितळवणारी भट्टी) होतास का? नुसतं वायरिंग येतंय की पॅनेलचं ट्रबल शूटिंगपण?

खानापूरची_ताई: दादा म्हणतात ते खरं आहे, आमच्याकडंही तसंच होतं. खंडेनवमीच्या पूजेला जा. त्या दिवशी मशीन बंद, गेट उघडं, मालक आणि हेड दोघंही शॉपवर असतात, जुन्या कामगारांना प्रसादाला कोण अडवत नाही. जुन्या सुपरवायझरला भेट, बाकीच्या फौंड्र्यांत त्याची ओळख असणारच.

शिवभक्त_अनगोळ: पहाटे दुर्गामाता दौडीला ये. फौंड्रीतली पोरं तिथं भेटतील, दौड झाल्यावर विचार.

शिनोळी_शिफ्ट: शिनोळीलाही बघ. महाराष्ट्राची हद्द आहे, १ नोव्हेंबरची कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी तिकडं नसते. कर्नाटकातल्या कंपन्या बंद असल्या तरी तो एक दिवस मिळतोय.

सीमावासी: १ नोव्हेंबरला सीमाभागातल्या मराठी माणसानं निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत यायचं असतं, कामाचं काय सांगताय?

शिनोळी_शिफ्ट: फेरीला मीही येतो. पण त्याचं घर अडलंय, त्याला कोणी नावं ठेवू नये.

शहापूरकर: न विचारलेलं सांगतो. आर्थिक वर्षात ३० दिवस काम झालं असेल आणि पगार सरकारनं ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल, तर मध्येच काम सुटलं तरी त्या वर्षाचा बोनस मिळायला हवा, किमान ८.३३ टक्के. जुन्या कॉन्ट्रॅक्टरकडं माग, हप्त्याची सोय होईल. आणि पीएफमध्ये एक्झिट डेट (काम सोडल्याची तारीख) टाकलीय का बघ. त्यानं टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी आपल्यालाच यूएएनवरून (आपला पीएफ नंबर) टाकता येते.

हिंडलगा_मुलगी: मध्येच विचारते. क्वालिटीला मुली घेतात का कुठं? व्हर्नियर, मायक्रोमीटर येतं.

खानापूरची_ताई: घेतात. वेगळा धागा काढ, इथं हरवेल.

काकतीकर: इंडक्शन फर्नेसवरच होतो. पॅनेल येतंय, पीएलसी (मशीन चालवणारा प्रोग्रॅमचा कंट्रोलर) येत नाही. बोनसचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. खंडेनवमीला जुन्या शॉपवर जातो. दादा, शटडाऊनचं काम घेणारे कॉन्ट्रॅक्टर उद्यमबागेत कुठं भेटतात?

जुना_फौंड्रीवाला: पीएलसीवाचून अडत नाही. रिवाइंडिंगच्या दुकानांत विचार, कुणाच्या मोटारी कधी येणार ते त्यांना आधीच कळवलेलं असतं. वायरमनचा परवाना असेल तर झेरॉक्स खिशात ठेव.

निपाणीकर: आणि तिथंही नाही जमलं तर चाकण आहेच.