मदत हवी आहे : २ टीबी हार्ड डिस्कला टीव्ही बॉक्स 'फॉरमॅट करा' म्हणतो, फोनवर तर दिसतच नाही

पहाटवारा
डिस्क २.५ इंची पोर्टेबल, २ टीबी, वेगळा अ‍ॅडॉप्टर नाही. विंडोज १० च्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालते. एकच पार्टिशन (डिस्कचा विभाग) आहे, एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत). साधारण १.३ टीबी भरलेली आहे, त्यात घरचे फोटो-व्हिडिओही आहेत.

टीव्ही बॉक्स अँड्रॉइड ९ चा. दोन यूएसबी पोर्ट, एक निळा, एक काळा. डिस्क लावली की दिवा लागतो, फिरल्याचा आवाज येतो, पण ड्राइव्ह सपोर्टेड नाही, सेटअप करा, असा संदेश येतो. सेटअपमध्ये गेलं की थेट फॉरमॅटचे पर्याय.

फोन अँड्रॉइड १३, टाइप-सी. ओटीजी जोडणीतून (फोनला यूएसबीच्या वस्तू लावायची छोटी जोडणी) डिस्क लावली तर दिवा लुकलुकतो, आतून टिक-टिक आवाज येतो आणि काहीच दिसत नाही. त्याच ओटीजीवर पेन ड्राइव्ह चालतो.

डेटा न घालवता दोन्हीकडे चालवायची आहे. रिकामी दुसरी डिस्क सध्या हाताशी नाही. काय करावं?

खालचा_मजला
सगळ्यात आधी : बॉक्सवरच्या त्या सेटअपमध्ये काहीही दाबू नका. तिथे दोन पर्याय असतात. एक साधं फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसलं जाणार. दुसरा 'डिव्हाइस स्टोरेज' म्हणून वापरण्याचा, तो अँड्रॉइड ६ पासून आहे आणि जास्त घातक आहे. त्यातही सगळं पुसलं जातंच, वर डिस्क एन्क्रिप्ट होते (डेटाला कुलूप लागतं) आणि किल्ली फक्त त्या बॉक्सच्या आत राहते. पुढे बॉक्स बिघडला किंवा फॅक्टरी रीसेट झाला की नंतर भरलेलंही गेलं. ती सोय अ‍ॅप ठेवायला जागा कमी पडते त्यांच्यासाठी आहे, चित्रपटांच्या डिस्कसाठी नाही.

आता मूळ प्रश्न. तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत, त्यांना एकाच औषधाने बरं करायला जाऊ नका. बॉक्सवर डिस्क फिरते आहे आणि बॉक्सला ती दिसतेही आहे, फक्त वाचता येत नाही. म्हणजे भानगड फाइल सिस्टीमची किंवा पार्टिशनची. फोनवर टिक-टिक होते, दिवा लुकलुकतो, म्हणजे डिस्कला पुरेसा करंटच मिळत नाही. मोटर फिरायला लागते, व्होल्टेज खाली येतं, डिस्क बंद पडते, पुन्हा प्रयत्न करते. असं फार वेळ चालू देऊ नका, लगेच काढा.

तारओढ
फोनच्या बाबतीत आकडे सांगतो. यूएसबी २.० पोर्टने ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर द्यावेत असा नियम, ३.० ने ९००. २.५ इंची डिस्क एकदा फिरायला लागली की कमी पितात, पण सुरू होण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांत मागणी १ अँपिअरच्या आसपास जाऊ शकते. पेन ड्राइव्हला मोटरच नाही, म्हणून तो चालतो. ओटीजी चांगलं आहे, एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

उपाय म्हणजे स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा), ५ व्होल्ट २ किंवा ३ अँपिअरचा. फोनला ओटीजी, त्याला हब, हबला डिस्क. केबल डिस्कसोबत आलेली आखूडच वापरा. लांब आणि बारीक केबलमध्ये व्होल्टेज गळतं आणि हब असूनही तीच टिक-टिक ऐकू येते.

गच्चीवरून
हबपेक्षा दोन तोंडांची वाय केबल स्वस्तात पडेल. एक तोंड फोनला, दुसरं पॉवर बँकेला.

तारओढ
चालते कधी कधी, पण मी ती सुचवत नाही. यूएसबीच्या नियमांत ती बसत नाही, आणि दोन्ही तोंडांच्या पॉवरच्या तारा आतून एकत्रच असतात. पॉवर बँकेचा करंट फोनच्या पोर्टमध्ये उलटा घुसायला वाव राहतो. हलक्या दर्जाच्या हबमध्येही हा दोष सापडतो, त्यामुळे हब आणल्यावर एक चाचणी करा : हबचा अ‍ॅडॉप्टर चालू ठेवा, हब बॉक्सला जोडलेला राहू द्या आणि बॉक्सचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर भिंतीतून काढा. बॉक्सचा दिवा तरीही मिणमिणत राहिला तर हब उलटा करंट देतोय. तो परत करा.

पहाटवारा
हब मागवतो. बॉक्सचं काय? एक्सफॅट (दुसरी एक फाइल सिस्टीम) करावं लागेल असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. मग १.३ टीबी कुठे हलवू?

खालचा_मजला
थांबा, एवढ्यात एक्सफॅटवर जाऊ नका. बॉक्स एनटीएफएस वाचतो का, हे डिस्कला हात न लावता कळतं. एक रिकामा पेन ड्राइव्ह घ्या, लॅपटॉपवर एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, एक छोटा व्हिडिओ टाका, 'सेफली रिमूव्ह' करून काढा आणि बॉक्सला लावा. मग तोच पेन ड्राइव्ह एक्सफॅट करून पुन्हा. दहा मिनिटांत बॉक्सची भाषा समजते. हीच चाचणी फोनवरही करा.

कारण अँड्रॉइडमध्ये मुळात खात्रीने चालतं ते फॅट३२, ही जुनी फाइल सिस्टीम. एनटीएफएस आणि एक्सफॅटचा आधार बॉक्स बनवणाऱ्याने घातला तर असतो, नाही तर नाही. आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपर्यंतच मावते, त्यामुळे मोठ्या चित्रपटांना ते निरुपयोगी.

तोवर डिस्कची आणखी एक माहिती द्या. डिस्क मॅनेजमेंट उघडा, खाली डावीकडे 'डिस्क १' लिहिलेल्या चौकोनावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. तिथे 'पार्टिशन स्टाइल' (डिस्कवरच्या विभागांची नोंद ठेवायची पद्धत) एमबीआर आहे की जीपीटी? आणि ड्राइव्हवर बिटलॉकरचं (विंडोजच्या एन्क्रिप्शनचं) कुलूप तर नाही ना? ते असेल तर अँड्रॉइडवर उघडणारच नाही.

पहाटवारा
बिटलॉकर नाही. पार्टिशन स्टाइल एमबीआर.
पेन ड्राइव्ह : बॉक्सवर एनटीएफएस आणि एक्सफॅट दोन्ही उघडले. फोनवर एक्सफॅट उघडला, एनटीएफएस नाही.
मग बॉक्सवर पेन ड्राइव्हचं एनटीएफएस चालतं आणि डिस्कचं का चालत नाही?

खालचा_मजला
उत्तम, आता चित्र स्पष्ट झालं. एमबीआर आहे म्हणजे तोही प्रश्न मिटला. काही जुने बॉक्स जीपीटी वाचत नाहीत, म्हणून विचारलं. एमबीआरची मर्यादा साधारण २.२ टीबी, तुमची २ टीबी त्यात बसते.

उरलं एकच मोठं कारण : व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कवरचं ते पार्टिशन, 'अस्वच्छ' राहिला आहे. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं. शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि जोडलेल्या एनटीएफएस डिस्कवर 'काम अपुरं आहे' अशी खूण राहू शकते. लॅपटॉप बंद करून डिस्क उपसली की ती खूण तशीच. विंडोजला त्याचं काही वाटत नाही, पण बॉक्समधले एनटीएफएस ड्रायव्हर सावध असतात. कोणी फक्त वाचायला देतो, कोणी साफ नकार देतो. आणि नकार मिळाला की अँड्रॉइडला वाटतं, डिस्कच अनोळखी आहे. म्हणून फॉरमॅटचा आग्रह.

असं करा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे फास्ट स्टार्टअपची टिक काढा. ती राखाडी दिसत असेल तर वरच्या 'चेंज सेटिंग्ज' ओळीवर क्लिक करा, मग निघते. लॅपटॉप रीस्टार्ट करा. डिस्क लावा, धिस पीसीमध्ये तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. काही चुका सापडल्या नाहीत असं म्हणाला तरी 'स्कॅन ड्राइव्ह' करून घ्या. संपलं की 'सेफली रिमूव्ह', 'आता काढू शकता' हा संदेश येईपर्यंत थांबा, मग बॉक्सला लावा.

एक गोष्ट मात्र स्कॅनच्या आधी. घरचे फोटो-व्हिडिओ लॅपटॉपच्या डिस्कवर किंवा कुठेही दुसरीकडे उतरवून घ्या. चित्रपट पुन्हा मिळतील, ते मिळणार नाहीत. टिक-टिक करत बंद-चालू झालेल्या डिस्कवर दुरुस्ती चालवायची तर दुसरी प्रत असलीच पाहिजे.

पहाटवारा
फोटो-व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवले. स्कॅनमध्ये चुका निघाल्या, दुरुस्त झाल्या. बॉक्सवर डिस्क उघडली! सगळे फोल्डर दिसतात. मनापासून आभार.

हबही आला. उलट्या करंटची चाचणी केली, दिवा पूर्ण विझला. फोनवर आता टिक-टिक नाही, डिस्क नीट फिरते, पण अपेक्षेप्रमाणे 'सपोर्टेड नाही'.
नवीन अडचण : बॉक्सच्या निळ्या पोर्टला डिस्क असली की रिमोट अडखळतो आणि वायफाय हळू होतं.

तारओढ
हे ओळखीचं दुखणं आहे. यूएसबी ३.० चा डेटा वाहताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, आणि ब्लूटूथ रिमोट व २.४ चं वायफाय त्याच पट्ट्यात बोलतात. डिस्क काळ्या पोर्टला लावा. वेगाची काळजी नको : ब्लू-रेच्या ४के फाइलला सेकंदाला १०० मेगाबिटच्या आसपास लागतात, म्हणजे १२-१३ मेगाबाइट. यूएसबी २.० प्रत्यक्षात ३० मेगाबाइटच्या आसपास देतं. निळ्या पोर्टचा फायदा कॉपी करताना, बघताना नाही. काळ्या पोर्टवर करंट कमी मिळतो, म्हणून तिथेही हबमधूनच लावा. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेता आलं तर तेही करा.

खिडकीपाशी
फोनसाठी दोन वाटा आहेत. पॅरागॉन कंपनीचं एनटीएफएस-एक्सफॅट वाचणारं अ‍ॅप आहे, त्यातून डिस्क उघडते. पण फोनला ती साधी स्टोरेज म्हणून दिसत नाही, प्रत्येक फाइल त्या अ‍ॅपमधूनच उघडावी लागते. दुसरी वाट एक्सफॅटची. मागेपुढे मोठी डिस्क मिळाली की डेटा तिकडे हलवून ही एक्सफॅट करा. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना 'अ‍ॅलोकेशन युनिट' (फाइलला जागा देण्याचा सर्वांत लहान तुकडा) १२८ केबी राहू द्या.

खालचा_मजला
एक्सफॅटबद्दल माझं मत थोडं वेगळं. एनटीएफएसमध्ये जर्नल (बदलांची नोंदवही) असतं, लिहिता लिहिता वीज गेली तर व्हॉल्यूम सावरण्याची शक्यता जास्त. एक्सफॅटमध्ये जर्नल नाही. बॉक्सला कायम लावलेल्या डिस्कसाठी मी एनटीएफएसच ठेवेन. फोनवर कधीमधीच बघायचं असेल तर अ‍ॅपवर भागवा. किंवा राउटरला यूएसबी पोर्ट असेल तर डिस्क हबसकट त्याला जोडून शेअर करा. मग फोनला फाइल सिस्टीमशी देणंघेणं उरत नाही, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या 'लोकल नेटवर्क'मधून थेट चालतं. राउटर एनटीएफएस वाचतो का, तेवढं त्याच पेन ड्राइव्हने आधी तपासा.

पहाटवारा
काळ्या पोर्टवर रिमोट ठीक झाला. राउटरला यूएसबी नाही, तेव्हा सध्या अ‍ॅप. डिस्क बॉक्सला लावली की पहिली काही मिनिटं बॉक्स फार मंद होतो, हे नेहमीचं का?

खिडकीपाशी
हो. बॉक्स डिस्कवरच्या सगळ्या फोटो-व्हिडिओंची यादी बनवत असतो. ज्या फोल्डरांची बॉक्सवर गरज नाही (फोटो, बॅकअप वगैरे) त्यांत लॅपटॉपवरून एक रिकामी फाइल ठेवा, इंग्रजीत आधी टिंब आणि लगेच पुढे 'नोमीडिया', सगळी छोटी अक्षरं, शेवटी 'टीएक्सटी' लागणार नाही हे बघा. असा फोल्डर यादीत येत नाही, पण फाइल मॅनेजरमधून उघडतोच.

आणि बॉक्सवरून डिस्क काढताना सेटिंग्ज, स्टोरेज, डिस्कचं नाव, 'इजेक्ट'. नुसती उपसलीत तर अस्वच्छ व्हॉल्यूमची भानगड पुन्हा पहिल्यापासून.