इ.स. १५०० ते १५४० : मराठवाडा आणि जग एकाच तक्त्यावर कसं बसवायचं?

औसा वेस

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या भिंतीसाठी एक कालपट करायलोय. सहा बाय तीन फुटांचा फ्लेक्स, वरच्या पट्ट्यांत जग आणि खालच्या पट्ट्यांत मराठवाडा. वरचं बसलंय: इराणात शाह इस्माईल, जर्मनीत लूथर, गोव्यात पोर्तुगीज, पानिपत, मेक्सिको. खालच्या पट्ट्यांवर गाडं अडलंय.

बुरहान निजामशाहाने शिया पंथ स्वीकारला ते साल कुठं १५३७ आहे, कुठं १५३८. कोणतं धरावं? सगळ्या मराठवाड्याला एकच रंग देऊन त्यावर ‘निजामशाही’ लिहिलं तर चालेल का? तिसरं म्हणजे, एक जण म्हणायलेत की १५१७ च्या लूथरपासून थेट पैठणपर्यंत बाण काढा, ‘सगळ्या जगात एकदमच धर्मजागृती झाली’ असं दिसलं पाहिजे. मला ते काही पटेना, पण कामून नको ते नीट सांगताही येईना.

जुना दप्तरी

आधी सालांचं बघू. १५३७ आणि १५३८ हा वाद नाही, तो हिशेबाचा घोळ आहे. मूळ नोंद हिजरी ९४४ ची. हिजरी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं. ते इसवी सनाच्या एका वर्षात बहुतेक वेळा पुरतं मावत नाही. ९४४ सुरू झालं जून १५३७ मध्ये आणि संपलं मे १५३८ मध्ये. महिना हाती नसेल तर तक्त्यावर ‘१५३७-३८’ असं जोडसालच लिहा.

घरी करायचा हिशेब असा: हिजरी सनाला ०.९७०२ ने गुणा आणि त्यात ६२१.६ मिळवा. पूर्णांकात येतं ते इसवी साल, आणि दशांश सांगतो की हिजरी वर्ष त्या सालात कुठं सुरू झालं. ९३२ घ्या: ९०४.२३ अधिक ६२१.६ म्हणजे १५२५.८३. वर्ष १५२५ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. पानिपतची लढाई ९३२ च्या रज्जबमधली. रज्जब सातवा महिना, म्हणून ती २१ एप्रिल १५२६ ला पडते. नुसता पूर्णांक उचलला असता तर पानिपत एक वर्ष मागं सरकलं असतं.

याहून मोठा खड्डा शुहूर सनाचा. दख्खनच्या मराठी कागदांत ‘सु॥ सन’ असं येतं आणि पुढं आकडा अरबी शब्दांत असतो. समजा ‘सलास सलासीन तिसा मया’ आलं. सलास ३, सलासीन ३०, तिसा मया ९००, म्हणजे ९३३. हे हिजरी समजून वाचलं तर १५२६-२७ येतं. पण शुहूर सन सौर आहे, मृगाला बदलतो. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. खरं साल येतं १५३२-३३. सहा वर्षांची चूक, आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण दोन्ही सालं ‘बसतात’.

फसली या महसुली सनाला तर हातच लावू नका. आपल्याकडच्या जुन्या महसुली कागदांवर फसली बघायची सवय असते, म्हणून कुणीतरी ५९० मिळवून मोकळा होतो. दख्खनी फसली शाहजहानच्या काळात, १६३६ च्या सुमारास आली. तुमच्या काळाशी तिचा संबंध नाही.

शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. नाथषष्ठी हे याचं घरचं उदाहरण. परंपरेने पैठणच्या संत एकनाथांची समाधी शके १५२१, फाल्गुन वद्य षष्ठी. फाल्गुन आहे म्हणजे ७९ मिळवायचे, साल येतं १६००. तरी सगळीकडं १५९९ छापलं जातं, कारण कुणीतरी डोळे झाकून ७८ मिळवले.

एक शेवटचं. १५८२ च्या आधीच्या युरोपातल्या तारखा जुन्या ज्युलियन पंचांगाच्या आहेत. त्या ‘दुरुस्त’ करायला दहा दिवस पुढं ढकलू नका. लूथरची ३१ ऑक्टोबर १५१७ ही तारीख तशीच राहू द्या.

परंड्याचा बुरूज

एकच रंग अजिबात देऊ नका, त्या चाळीस वर्षांतली गंमतच निघून जाईल. आजच्या मराठवाड्यात तेव्हा चार दरबारांच्या हद्दी भिडत होत्या आणि पाचवा, गुजरातचा, मधूनच घुसत होता.

१५२५ हे साल धरून नकाशा काढा. दौलताबाद निजामशाहीकडं, १४९९ पासून. ते मिळवण्यासाठी निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने काय केलं ते चौकटीत लिहा. किल्ला वेढ्याने पडेना, तेव्हा जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधोमध ठाणं बसवलं आणि दर हंगामाला फौज पाठवून दौलताबादच्या मुलखातली पिकं उद्ध्वस्त केली. त्या ठाण्याचं पुढं अहमदनगर झालं.

माहूर वऱ्हाडच्या इमादशाहीकडं, पाथरीवरून इमादशाही आणि निजामशाहीची ओढाताण. १५२७ पर्यंत दोन्ही निजामशाहीकडं आली. पाथरीवर बुरहानचा डोळा असण्याचं कारण इतिहासकार फिरिश्ता देतो: निजामशाही घराण्याचा मूळपुरुष पाथरीच्या कुलकर्ण्यांपैकी, भाऊबंद तिथंच राहत होते, त्यांचं गाव आपल्या राज्यात असावं ही इच्छा. औसा, उदगीर, कंधार हे बिदरच्या बरीदांकडं. तुमचं औसं निजामशाहीत दाखवलं तर पहिली तक्रार औशातूनच येईल! नळदुर्ग आदिलशाहीकडं, पण सोलापूरच्या भांडणामुळं तो पट्टा कायम तापलेला. १५२४ ला बुरहानचं लग्न इस्माईल आदिलशाहाच्या बहिणीशी झालं. सोलापूरचा किल्ला आंदणात द्यायचा ठरला होता, तो दिलाच नाही. पुढची कित्येक वर्षं त्यावरून लढाया. परंड्यात ख्वाजा जहान हा सरदार जवळजवळ स्वतंत्र बसलेला. त्याला निजामशाहीच्याच रंगात, पण आडव्या रेघा मारून दाखवा.

फोटो निवडताना जपा. धारूरचा किल्ला १५६७ च्या सुमाराचा आणि नळदुर्गचा पाणीमहाल १६१३ चा. दोन्ही या तक्त्यात नकोत. ‘मलिक-ए-मैदान’ तोफ घालायचा मोह होईल, कारण ती विजापूरला जाण्याआधी परंड्यावर होती. पण ती हिजरी ९५६ ची, म्हणजे १५४९. घालायचीच तर उजव्या समासात, ‘यानंतर’ म्हणून. ओतणाऱ्याच्या नावातला ‘रूमी’ हा शब्द मात्र ठळक करा. रूमी म्हणजे उस्मानी तुर्की मुलखातला. १५१४ ला चाल्दिरानच्या मैदानात ज्या तोफांनी शाह इस्माईलचं घोडदळ मोडलं, तीच विद्या जाणणारी माणसं पुढं दख्खनच्या दरबारांत चाकरीला आली.

गोदाकाठ

बाणांबद्दल. माझा नियम सोपा आहे: एखादा माणूस, घोडा, पत्र किंवा खुतबा (शुक्रवारच्या नमाजाच्या वेळचं प्रवचन) या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला दाखवता आला तरच बाण. नुसतं साल जुळलं म्हणून बाण नाही.

या नियमाने पहिला बाण शाह इस्माईलच्या राजधानीतून, तब्रीझहून, विजापूरला. १५०१ ला शाह इस्माईलने शिया पंथ राजधर्म केला. पुढच्याच वर्षी, हिजरी ९०८ मध्ये, यूसुफ आदिलखानाने विजापुरात शिया पद्धतीचा खुतबा वाचून घेतला. शेजारी चालून आले, त्याला पळून वऱ्हाडात इमादुल्मुल्काकडं आसरा घ्यावा लागला आणि खुतबा मागं घ्यावा लागला. हा मागं फिरणारा बाण तुटक रेघेने काढा. खुतब्यात राज्यकर्त्याचं नाव घेतलं जातं. तो बदलणं ही जाहीर राजकीय घोषणा असते, आतली श्रद्धा वेगळी. म्हणून तक्त्यावर ‘धर्मांतर’ हा शब्द टाळा, ‘पंथबदल’ लिहा. सुन्नी आणि शिया दोन्ही इस्लाममधलेच.

दुसरा बाण परंड्यातून जातो आणि तो सगळ्यात सुंदर आहे. शाह ताहिर नावाचा विद्वान शाह इस्माईलच्या रोषामुळं हिजरी ९२६ मध्ये इराण सोडून निघाला. गोव्याला उतरला आणि पुढं परंड्याला ख्वाजा जहानकडं आला. तिथं बुरहानच्या एका माणसाने त्याच्यापाशी खगोलाचा अभ्यास केला आणि दरबारात जाऊन त्याची तारीफ केली. त्याला अहमदनगरला बोलावणं आलं. त्याच्याच प्रभावाखाली बुरहानने हिजरी ९४४ मध्ये शिया खुतबा सुरू केला आणि अहमदनगरात दंगा उसळला. म्हणजे शिया शाहाने हाकललेला माणूस दख्खनेत शिया पंथ रुजवतो. ताहिर स्वतः इस्माइली इमाम होता, तब्रीझच्या दरबाराला तेच खुपत होतं. हे दोन ओळींत मावणार नाही, त्याला वेगळी चौकट द्या.

तिसरा बाण उलटा, बिदरहून आग्र्याला. पानिपतनंतर शेवटच्या बहमनी सुलतानाने, कलीमुल्लाने, बाबराला गुपचूप पत्र धाडलं: मला अमीर बरीदच्या (बिदरचा खरा सत्ताधारी) कचाट्यातून सोडव, बदल्यात दौलताबाद आणि वऱ्हाड देतो. दौलताबाद त्याच्या हातात नव्हतंच! पत्राची बातमी फुटली आणि त्यालाच बिदर सोडून पळावं लागलं.

चौथा गुजरातचा. १५२८ नंतर गुजरातचा सुलतान बहादूरशाह दौलताबादपर्यंत चालून आला आणि बुरहानला त्याच्या नावाने खुतबा वाचून घ्यावा लागला. हे ओझं उतरलं ते अहमदनगरच्या पराक्रमाने नाही. १५३५ ला हुमायूनने गुजरात मोडला आणि १५३७ ला दीवसमोर पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत बहादूरशाह मेला. मुघल आणि पोर्तुगीज, दोन्हींचे बाण इथं एकत्र येतात.

गोव्याचा बाण घोड्यांचा. २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा पक्कं पोर्तुगीजांकडं गेलं आणि होर्मुझकडून येणाऱ्या घोड्यांच्या व्यापाराची दोरी त्यांच्या हातात आली. दख्खनच्या फौजांना चांगले लढाऊ घोडे बाहेरून आणावे लागत, त्यामुळं घोडे कोणाला विकायचे हे ठरवणारा लढाईच्या निकालात भागीदार होतो.

मेक्सिकोला बाण नाही. तिथं १३ ऑगस्ट १५२१ ला अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडलं, पण या चाळीस वर्षांत त्याचा धक्का आपल्यापर्यंत पोचलेला नाही. अमेरिकेची चांदी नंतरची गोष्ट.

औसा वेस

बाणाचा नियम पटला. मग पैठणचं काय करू? भानुदास महाराज आणि नाथ दोघांनाही वगळलं तर इथले लोक तक्ता उतरवायला लावतील.

गोदाकाठ

वगळू नका, बाण तेवढा नको. ‘त्याच वर्षांत पैठण’ असा वेगळा पट्टा घ्या. भानुदासांनी विजयनगरहून पांडुरंगाची मूर्ती परत आणली, ही परंपरा. ती ‘परंपरेनुसार’ हा शब्द घालूनच लिहा. त्याच काळात, १५०९ पासून, विजयनगरच्या गादीवर कृष्णदेवराय होता. नाथांचा जन्म सुमारे १५३३. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादेला निजामशाहीच्या चाकरीत, एवढा दुवा खालच्या राजकीय पट्ट्याशी जोडता येतो आणि तो पक्का मराठवाड्याचा आहे.

लूथरशी तुलना करायचीच असेल तर छपाईची करा. लूथरचं लिखाण छापखान्यातून काही आठवड्यांत गावोगाव गेलं. इकडं हिंदुस्थानात पहिला छापखाना गोव्यात १५५६ ला आला. नाथांनी शके १५०६ ला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण हातांनी नकला करता करता पाठ बिघडला होता. दोन्हीकडं लोकभाषा, पण ती पसरण्याची साधनं अगदी निराळी.

जुना दप्तरी

आता मापं. सहा बाय तीन फूट म्हणजे १८३ बाय ९१ सेंमी. वर्षाला ४ सेंमी धरलं तर चाळीस वर्षांना १६० सेंमी लागतात आणि दोन्ही बाजूंना साडेअकरा सेंमी उरतात. डावीकडं पट्ट्यांची नावं, उजवीकडं तो ‘यानंतर’चा समास. प्रत्येकी १२ सेंमीचे सहा पट्टे म्हणजे ७२ सेंमी. उरलेल्या १९ मध्ये शीर्षक आणि रंगांची सूची. अक्षर ८ मिलिमीटरपेक्षा लहान नको, भिंतीपासून पाच फुटांवर वाचता आलं पाहिजे. एका नोंदीला दहा शब्दांवर जाऊ नका. १५२४ ते १५२९ मध्ये गर्दी होणारच, तिथं नोंदी वरखाली करा. वर्षाची पट्टी ताणू नका, नाहीतर प्रमाण बिघडेल.

फ्लेक्सवाल्याला युनिकोड मजकूर देऊ नका. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बऱ्हाणपूर’, ‘वऱ्हाड’, ‘शुक्रवार’ हमखास तुटतात. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवा किंवा अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून द्या. छपाईआधी एका कागदावर नमुना काढून घ्या आणि आकडे दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. १५२७ चं १५७२ झालेलं आपल्या डोळ्याला दिसत नाही.

परंड्याचा बुरूज

रंग निवडताना बरीदांना पिवळा देऊ नका, फ्लेक्सवर उन्हाने पहिला तोच उडतो. औसा, उदगीर, कंधार दोन वर्षांत कोरे दिसतील.