अनुभव धागा: स्क्रीन रेकॉर्डिंग एडिटिंगला सोपं जावं म्हणून कोणती सेटिंग ठेवता?

नागपुरात आता क्लासचं लेक्चर, टॅलीचे धडे, ऑनलाइन अर्ज भरायची माहिती असे व्हिडिओ भरपूर लोक बनवतात. रेकॉर्डिंग चालवून पाहिलं तर छान दिसतं, एडिटरमध्ये टाकलं की टाइमलाइन अडखळते. तुम्ही जे वापरता ते आकड्यांसकट लिहा, आणि तेच का, हेही लिहा.

धरमपेठ, स्पर्धा परीक्षांच्या लेक्चरचं एडिटिंग

सगळ्यात आधी कीफ्रेम बघा. एच.२६४ मध्ये (व्हिडिओ दाबून साठवायची नेहमीची पद्धत) प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम येते, ती कीफ्रेम. मधल्या फ्रेममध्ये काय बदललं तेवढंच असतं. एक्स२६४ ला (त्या पद्धतीने फाइल बनवणारा एन्कोडर) मोकळं सोडलं तर दोन कीफ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर पडतं, म्हणजे ३० एफपीएसला (सेकंदाला ३० फ्रेम) आठ सेकंदांच्या वर. कर्सर त्यातल्या २४० व्या फ्रेमवर ठेवला की एडिटरला आधीच्या सगळ्या उलगडत यावं लागतं, आणि मागे सरकवताना पुन्हा पुन्हा तेच. दृश्य एकदम बदललं तर एन्कोडर स्वतःहून कीफ्रेम टाकतो. पण स्क्रीनवर नुसतं टायपिंग चालू असेल तर त्याला तसं काही कारण मिळत नाही.

ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्ज, मग आउटपुट, वरचा मोड ‘ॲडव्हान्स्ड’, मग रेकॉर्डिंग. तिथे एन्कोडरसमोर ‘यूज स्ट्रीम एन्कोडर’ असेल तर पुढचे खाने दिसणारच नाहीत, म्हणून आधी तिथे एक्स२६४ निवडा. रेट कंट्रोल सीआरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा चांगला), १६ ते १८. कीफ्रेम इंटरव्हल ० असतो, तो १ सेकंद करा. बी-फ्रेमही (मागच्या-पुढच्या दोन्ही फ्रेमवर अवलंबून असलेल्या) बंद करा. एक्स२६४ ला त्याचा वेगळा खाना नाही, खालच्या ऑप्शन्सच्या ओळीत bframes=0 असं टाकावं लागतं. सीबीआर (बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, तो कायम एकच) नकोच. स्लाइड पाच मिनिटं हलली नाही तरी तो ठरलेला बिटरेट भरत बसतो, आणि भराभर स्क्रोल केलं की नेमका तिथे कमी पडतो.

बर्डी, टॅली आणि एक्सेलचं प्रशिक्षण

वरच्याशी सहमत, एक भर घालते. ‘मग सगळ्याच फ्रेम कीफ्रेम करून टाका’ असं काही जण सुचवतात. स्क्रीन रेकॉर्डिंगला त्याची गरज नाही. स्थिर पानावर मधल्या फ्रेम जवळजवळ फुकटात पडतात, तो फायदा घालवून फाइल कितीतरी पट फुगते. एक सेकंदाचं अंतर पुरतं.

मात्र कीफ्रेम जवळ घेतल्या आणि दर्जा ढिला ठेवला, तर दुसराच दोष दिसतो. प्रत्येक कीफ्रेमला अक्षरं किंचित हलल्यासारखी वाटतात, दर सेकंदाला एक ठोका. मराठी मजकुरावर तो लवकर कळतो. ‘संचालक’ मधला अनुस्वार, ‘कार्य’ वरचा रफार पुसट होतो, पुढच्या क्षणी ठळक होतो. २०० टक्के झूम करून शिरोरेषा बघा. तिच्या कडेला मुंग्या आल्यासारखं दिसलं तर सीआरएफ २ ने कमी करा. आकडा ६ ने उतरवला की फाइल साधारण दुप्पट होते, तेव्हा एकदम १० वर जाऊ नका.

मानेवाडा, मोबाइल ॲप वापरायचे व्हिडिओ

फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये खरा घोळ बदलत्या फ्रेम रेटचा असतो. स्क्रीन स्थिर असली की फोन फ्रेम कमी करतो, बोट फिरलं की वाढवतो. काही एडिटर ते ३० चं धरून चालतात, मग आवाज हळूहळू पुढे-मागे सरकतो. सुरुवातीला जुळलेलं वाटतं, विसाव्या मिनिटाला बोट आधी टेकतं आणि शब्द नंतर येतो. मीडियाइन्फोमध्ये (फाइलची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) फाइल उघडा. ‘फ्रेम रेट मोड’ पुढे ‘व्हेरिएबल’ दिसलं तर तशी टाइमलाइनवर टाकू नका.

आधी हँडब्रेकमध्ये (फाइल बदलून देणारं सॉफ्टवेअर) काढून घ्या. व्हिडिओ टॅब: एक्स२६४, फ्रेम रेट ३०, खाली ‘कॉन्स्टंट’, आरएफ (इथला सीआरएफ) १६. ॲडव्हान्स्ड ओळीत keyint=30:bframes=0, म्हणजे ३० फ्रेममागे कीफ्रेम आणि बी-फ्रेम बंद. आणि हे विसरू नका: क्रॉपिंग ‘ऑटोमॅटिक’ असतं ते ‘नन’ करा. डार्क मोडमधल्या ॲपच्या काळ्या कडा तो रिकामी पट्टी समजून कापू शकतो.

सिव्हिल लाइन्स, ई-फायलिंगचं प्रशिक्षण साहित्य

लाल अक्षरांचं सांगतो. रंग साठवायच्या नेहमीच्या ४:२:० पद्धतीत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची असते, रंगाची मात्र चार पिक्सेलमागे एकदाच. पांढऱ्यावर काळं त्यामुळे कोरीव राहतं, पण काळ्या किंवा निळ्या पार्श्वभूमीवरचं बारीक लाल अक्षर कडेला पसरतं. बिटरेट कितीही वाढवा, ते सुधारत नाही. ओबीएसच्या ॲडव्हान्स्डमध्ये कलर फॉरमॅट आय४४४ (प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा) करता येतो, पण एच.२६४ चा हा प्रकार बहुतेक ग्राफिक्स चिप उलगडत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि टाइमलाइन पुन्हा जड होते. त्यापेक्षा विंडोजचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के करून रेकॉर्ड करा. आणि १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन रेकॉर्ड करतानाच १९२० वर ताणू नका. पट पूर्णांकात बसत नाही, अक्षर मऊ होतं.

रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल प्रकारातच करा. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. मध्येच लाइट गेली की तासाभराची फाइल उघडत नाही. एमकेव्ही तिथवरची शाबूत राहते. नंतर ओबीएसच्या फाइल मेन्यूतून ‘रीमक्स’ करा (डबा बदलतो, आतला व्हिडिओ तोच), क्षणात एमपी४ होते आणि दर्जाला धक्का लागत नाही.

मिहान, सॉफ्टवेअर डेमो

लिनक्सवर दा विंची रिझॉल्व्ह या एडिटरची फुकट आवृत्ती एच.२६४ घेत नाही, एएसी आवाजही नाही. तिथे एफएफएमपेगने (फाइल बदलून देणारं सॉफ्टवेअर) व्हिडिओ डीएनएक्सएचआर (एडिटरला हलका जाणारा प्रकार) आणि आवाज पीसीएम करा, एमओव्ही डब्यात. इतरांनी प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी प्रत, बनवावी. १०८० च्या ३० फ्रेमला प्रोरेस ४२२ (हाही एडिटरला हलका जाणारा प्रकार) साधारण १४७ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), म्हणजे तासाला ६६ जीबी. प्रोरेस प्रॉक्सी ४५ एमबीपीएस, तासाला सुमारे २० जीबी. कापाकापीला प्रॉक्सी पुष्कळ झाली, एक्सपोर्ट मूळ फाइलवरून.

महाल, लेक्चर रेकॉर्डिंग

मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेला लॅपटॉपही तापून मंदावतो आणि एन्कोडर मागे पडतो. ओबीएसच्या ‘स्टॅट्स’ खिडकीत ‘एन्कोडिंग लॅग’ मुळे सुटलेल्या फ्रेमचा आकडा ० च राहिला पाहिजे. वाढत असेल तर प्रीसेट ‘व्हेरीफास्ट’ वरून ‘सुपरफास्ट’ करा, नाहीतर एनव्हीडियाचं कार्ड असल्यास एनव्हीएन्क (कार्डावरचाच एन्कोडर), सीक्यूपी (त्याचा दर्जाचा आकडा) १८. फाइल मोठी होईल, होऊ द्या. सुटलेली फ्रेम कुठल्याच एडिटरमध्ये परत येत नाही. माइक ट्रॅक १ वर आणि कॉम्प्युटरचा आवाज ट्रॅक २ वर वेगळा ठेवा.

धरमपेठ, पुन्हा

नुसतं पुढचं-मागचं छाटायचं असेल तर लॉसलेसकट (पुन्हा एन्कोड न करता छाटणारं सॉफ्टवेअर) पुरेसं आहे. कटची सुरुवात कीफ्रेमवरच बसते, म्हणून १ सेकंदाचं अंतर इथेही कामी येतं. शेवटच्या एक्सपोर्टला मात्र कीफ्रेमचं बंधन काढा, बी-फ्रेम परत चालू करा. यूट्यूब १०८० ला ३० फ्रेमसाठी ८ आणि ६० साठी १२ एमबीपीएस सुचवतं. ३० वर रेकॉर्ड केलेलं ६० वर काढू नका.