करार असूनही प्रत्यार्पणाला इतका वेळ का लागतो?

ठाणेकर यांचा प्रश्न:

भारत आणि ब्रिटन यांच्यातील प्रत्यार्पण करारावर सप्टेंबर १९९२ मध्ये सह्या झाल्या आणि १९९३ च्या अखेरीस तो अमलात आला. विजय मल्ल्या मार्च २०१६ मध्ये देशाबाहेर गेले आणि २०२० पर्यंत तिथल्या न्यायालयांत एकामागून एक हरले, तरी पुढे वर्षे लोटली. माझी उमेद बँकेच्या कर्ज विभागात गेली. कर्जदाराच्या सहीचा करारनामा हाती असला की पुढचा मार्ग ठरलेला असतो, एवढे मला कळते. परंतु दोन सार्वभौम देशांच्या सह्यांचा कागद असताना आरोपी ताब्यात का मिळत नाही, हे कळत नाही. मागणी नेमकी कोणाकडे जाते आणि निर्णय कोण देते? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

काळा कोट यांचे उत्तर:

आपल्याच व्यवसायातला दाखला घेऊ. करारनाम्याने दावा लावण्याचा हक्क मिळतो, हुकूमनामा मिळत नाही. प्रत्यार्पण कराराचेही तसेच आहे.

सीबीआय किंवा ईडी यांना लंडनला परस्पर मागणी करता येत नाही. आरोपपत्र, अटकेचे वॉरंट, साक्षीदारांचे जबाब असा सगळा बाड परराष्ट्र मंत्रालयामार्फत ब्रिटनच्या गृहखात्याकडे जातो. गृहखाते मागणी रीतसर असल्याचे प्रमाणित करते आणि मग वेस्टमिन्स्टरच्या दंडाधिकारी न्यायालयातून अटकेचे वॉरंट निघते. मल्ल्यांच्या बाबतीत मागणी फेब्रुवारी २०१७ मध्ये गेली आणि एप्रिलमध्ये अटक झाली; जामीन मात्र त्याच दिवशी मिळाला.

इथून पुढे न्यायाधीशासमोर मुख्यतः ब्रिटनचा २००३ चा प्रत्यार्पण कायदा असतो. आरोपी दोषी आहे की नाही, हे तो ठरवत नाही. आरोपातले कृत्य ब्रिटनमध्येही किमान एक वर्षाच्या शिक्षेचा गुन्हा ठरते का, सकृद्दर्शनी खटला उभा राहण्याइतका पुरावा आहे का, आणि पाठवल्यास मानवी हक्कांचा भंग होईल का, हे तो पाहतो. यातला दुसरा प्रश्न भारताला जड जातो. अमेरिकेच्या मागणीला ब्रिटनमध्ये अशा सकृद्दर्शनी पुराव्याची अट नाही, भारताच्या मागणीला आहे. म्हणूनच आयडीबीआय बँकेच्या कर्जप्रस्तावात काय लिहिले होते आणि त्यातले खरे किती, याचा कीस लंडनच्या न्यायालयात पडला. कर्ज विभागातल्या माणसाला ते निकालपत्र वाचनीय वाटेल.

दंडाधिकाऱ्यांनी १० डिसेंबर २०१८ रोजी प्रकरण गृहमंत्र्यांकडे पाठवले. गृहमंत्र्याला दोन महिन्यांत निर्णय घ्यावा लागतो, पण त्याची कक्षा अरुंद असते: फाशीचा धोका आहे का, भलत्याच गुन्ह्यासाठी खटला चालण्याची शक्यता आहे का, असे मोजके मुद्दे. फेब्रुवारी २०१९ मध्ये आदेश निघाला, उच्च न्यायालयाने २० एप्रिल २०२० रोजी अपील फेटाळले आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयात जाण्याची परवानगीही नाकारली गेली. त्यानंतर २८ दिवसांत पाठवणी व्हायला हवी होती. ब्रिटिश उच्चायुक्तालयाने मात्र आणखी एक कायदेशीर बाब निकाली निघायची आहे आणि ती गोपनीय आहे, असे कळवले. ती बाब कोणती यावर तर्क लढवण्यात अर्थ नाही. एवढे खरे की आश्रयाचा अर्ज प्रलंबित असेल तर तिथला कायदा प्रत्यार्पण थांबवून ठेवतो.

पुणेरी वाचक यांचे उत्तर:

वरील उत्तरात मानवी हक्कांचा मुद्दा एका वाक्यात उरकला गेला, म्हणून भर घालतो. मल्ल्यांच्या सुनावणीत मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातील बराक क्रमांक १२ हा स्वतंत्र वादाचा विषय झाला. तिथे नैसर्गिक उजेड येतो का, हवा खेळती आहे का, यावर वकिलांची जुंपली आणि अखेर भारताला त्या बराकीचे चित्रीकरण करून न्यायालयाला दाखवावे लागले. नीरव मोदींच्या खटल्यातही हीच बराक पुढे आली. तिथे मानसिक प्रकृतीचा आणि आत्महत्येच्या धोक्याचा मुद्दा मांडला गेला, तो उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये फेटाळला. हजारो कच्चे कैदी ज्या तुरुंगात दाटीवाटीने दिवस काढतात, तिथल्या एका खोलीच्या खिडकीची चौकशी परदेशी न्यायालयाने करावी, हे मला अजूनही विचित्र वाटते. पण ती चौकशी आपल्या सरकारने मान्य केली, हेही खरे.

ठाणेकर यांचा प्रतिप्रश्न:

दोघांचेही आभार. आरोपी एकदा हाती आला की आपल्याला हवे ते सर्व खटले चालवता येतात ना?

काळा कोट यांचे उत्तर:

नाही, आणि इथेच अनेकांची गफलत होते. ज्या गुन्ह्यांसाठी माणूस सोपवला, त्यांच्यापुरताच खटला. आपल्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याचे कलम २१ हेच सांगते. अबू सालेमला पोर्तुगालने नोव्हेंबर २००५ मध्ये सोपवले, तेव्हा त्या देशाशी आपला करारही नव्हता. फाशी देणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त काळ तुरुंगात ठेवणार नाही, अशी हमी भारताने दिली होती. पुढे जादा आरोप लावले गेले, तेव्हा पोर्तुगालच्या न्यायालयांनी हमी मोडल्याचे म्हटले आणि भारताला काही आरोप मागे घ्यावे लागले. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली खरी, पण ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २५ वर्षे भरली की केंद्राने त्या हमीचा मान राखून सुटकेची कार्यवाही करावी. हमी सरकारने दिली होती, न्यायालयाने नव्हे. तरीही ती वाऱ्यावर सोडता येत नाही.

पुणेरी वाचक यांचे उत्तर:

तहव्वूर राणाचे प्रकरणही पाहावे. भारत-अमेरिका करार १९९७ चा. त्यात एकदा दोषी वा निर्दोष ठरलेल्या माणसाला त्याच गुन्ह्यासाठी सोपवू नये, असे कलम आहे, आणि २६/११ च्या कटात साहाय्य केल्याच्या आरोपातून शिकागोत २०११ मध्ये राणा सुटला होता. सगळा वाद 'गुन्हा' या एका शब्दावर आला. घटना तीच असेल तर गुन्हाही तोच, असे त्याचे वकील म्हणाले. अमेरिकी न्यायालयांनी मात्र गुन्ह्याचे घटक वेगळे, म्हणून गुन्हा वेगळा, असा अर्थ लावला. कॅलिफोर्नियातील दंडाधिकाऱ्यांचा आदेश मे २०२३ चा, अपिली न्यायालयाचा ऑगस्ट २०२४ चा, आणि राणा दिल्लीत उतरला तो १० एप्रिल २०२५ रोजी.

काळा कोट यांचे उत्तर:

याउलट छोटा राजन ऑक्टोबर २०१५ मध्ये बालीत पकडला गेला आणि दोन आठवड्यांच्या आत दिल्लीत होता. तिथे प्रत्यार्पण झालेच नाही. इंडोनेशियाने त्याला हद्दपार केले, त्यामुळे यातली न्यायालयीन पायरी एकही चढावी लागली नाही.