मदत हवी आहे: थायलंडच्या शाळांसाठी ऑनलाइन मुलाखत, डेमो कसा द्यावा?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याची. प्राथमिकच्या मुलांना इंग्रजी शिकवते, 120 तासांचा टेफल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स झालाय. बँकॉकच्या शाळांसाठी मुलाखती देतेय (तिथलं घड्याळ दीड तास पुढे, त्यामुळे इथली शाळा भरण्याआधी उरकतं). पदवी, टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, पोलीस क्लिअरन्स तयार आहे. अडतं ते डेमोला. मुलाखत घेणाऱ्या बाई स्वतःच पाच वर्षांचं मूल होतात आणि प्राण्यांची नावं शिकवायला सांगतात. वर्गात मी हावभाव, उड्या, गाणी यांवरच शिकवते. पण कॅमेऱ्यासमोर एकट्या मोठ्या माणसाकडून ते कसं करून घ्यायचं?

शिवाय, मातृभाषा इंग्रजी नाही हा मुद्दा निघतोच. घरी मराठी-कोंकणी बोलून इंग्रजी शिकल्यामुळे मुलं कुठे अडखळतात ते मला नेमकं कळतं, हे सांगितलेलं चालेल ना? तिथे शिकवलेलं कुणी असेल तर कृपया कळवा, पुढची मुलाखत याच आठवड्यात आहे.