२०११ ची टाटा ४०७, पॅकर्सवाल्याची बंद बॉडी: प्रोजेक्ट म्हणून घ्यावी का?

रंधा_पटाशी:

नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळ एक टाटा ४०७ विकायला आहे. २०११ मॉडेल, बीएस-३, टर्बो इंजिन. घरसामान हलवणाऱ्या पॅकर्सवाल्याकडे होती. मागे पत्र्याची बंद बॉडी आणि दोन पाखांचा दरवाजा. दोन वर्षं शेडमध्ये उभी आहे, फिटनेस प्रमाणपत्र संपलंय. मागणी २ लाख ४० हजार. विकणारा दलाल आहे, आरसीवर नाव तिसऱ्याचंच.

काम सुतारकीचं. डोक्यात दोन बेत आहेत. पहिला म्हणजे आत बेंच आणि यंत्रं बसवून साइटवर नेता येईल अशी फिरती वर्कशॉप. दुसरा, जमलं तर झोपायची सोय करून कॅम्पर. वेळ फक्त शनिवार-रविवार. वेल्डिंग जमतं, इंजिनातलं फारसं कळत नाही. बजेट गाडीसकट साडेचार लाख. दलालाने इंजिन चालू करून दाखवलं, आवाज बरा वाटला. गाडी कुठे अडकवेल?

कमानपाटा:

चालू करून दाखवलं म्हणजे आधी गरम करून ठेवलं असणार. न सांगता सकाळी जा आणि बोनेटखाली हात लावून इंजिन थंड आहे ना ते बघा. थंड इंजिन दोन-तीन सेल्फात लागलं पाहिजे. लागल्यावर मिनिटभर पांढरा धूर चालतो, निळा धूर मात्र ऑइल जळतंय हे सांगतो. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून उलटं, तसंच तोंडावर ठेवा. वाफेने ते नाचायला लागलं किंवा उडालं तर कॉम्प्रेशन खाली उतरतंय, म्हणजे रिंगा-लायनर बदलायला आले. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजने मोजून घ्या. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा: एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५-२० टक्के कमी दाखवत असेल तर इंजिनाचं हेड (वरचा भाग) उतरवावंच लागेल. पूर्ण काम निघालं तर मशीनिंग धरून लाखाच्या आसपास मोजा. पण इंजिनाला घाबरू नका. हे २,९५६ सीसीचं ४९७ आहे (चार सिलिंडर, ९७ मिमी बोअर, नावातच आहे). पुण्याच्या नाना पेठेपासून कोल्हापूरच्या उद्यमनगरपर्यंत त्याचा प्रत्येक सुटा भाग आणि तो बसवणारा हात मिळतो. टर्बोचा एअर पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवा. किंचित आडवा खेळ असतो, पण पुढे-मागे हलत असेल तर टर्बो गेला.

खरी गाडी म्हणजे चासी (खालचा पोलादी सांगाडा). पॅकर्सवाल्याची गाडी हा तुमचा फायदा आहे, कारण घरसामान जागा खातं, वजन नाही. रेती-विटांच्या गाडीसारखी तिची कंबर मोडलेली नसते. तरी मागच्या कमानीचे (स्प्रिंगचे) पाटे मोजा. दोन्ही बाजूंना सारखे नसतील किंवा नवीन पाटा घुसवलेला असेल तर ओव्हरलोड झालाय. मग छोटी हातोडी घेऊन चासीवर ठोकत जा. सणसणीत आवाज आला तर पोलाद शाबूत, भद्द आवाज आला तर आतून खाल्लंय. तीन जागा नीट बघा: केबिनच्या लगेच मागे, मागच्या कमानीचा ब्रॅकेट जिथे रिव्हेट केलाय तिथे, आणि बॉडी व चासी यांच्यामध्ये जी लाकडी पट्टी असते तिच्याखाली. त्या पट्टीत पाणी साचतं आणि वरून काहीच दिसत नाही. चासीच्या उभ्या पत्र्याला आडवी भेग किंवा वेल्ड केलेली पट्टी दिसली तर भाव विचारायचाच नाही.

पुढचा अॅक्सल जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. खेळ थांबला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती खुंटी). किंगपिन किटचा बुश बसवल्यावर रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) मारावाच लागतो, घरच्या घरी ठोकून बसवू नका.

ब्रेक हायड्रॉलिक आहेत, व्हॅक्यूमची मदत आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, मग दाबून धरा आणि चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर, पाइप किंवा अल्टरनेटरच्या मागचा व्हॅक्यूम पंप बघावा लागेल. पंपाचं सील गेलं की इंजिनचं ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरतं आणि माणूस चार्जिंगचा दोष शोधत बसतो. दोन वर्षं उभ्या गाडीत व्हील सिलिंडर गंजतातच, चारही चाकांचे किट धरून चला. टायर ७.५०-१६, स्टेपनीसकट सात. बाजूवर चार आकडी शिक्का असतो. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी चांगली असली तरी सहा-सात वर्षांचं उभं टायर ताणाला फाटतं. सातही बदलायचे तर साठ-सत्तर हजार बाजूला काढा.

चाचणी सपाटीवर नको. खंबाटकी चढा, वर पोहोचल्यावर टेम्परेचरचा काटा बघा, उतारावर तिसऱ्यात अॅक्सिलरेटर सोडा. गिअर सुटून न्यूट्रलमध्ये आला तर गिअरबॉक्स उघडायचा आहे. अर्थात फिटनेस-इन्शुरन्स नसताना ही चाचणी हायवेवर करता येत नाही. म्हणून कागद आधी, घाट नंतर.

कागद_आधी:

वरचं सगळं बरोबर, पण हातोडी घेऊन निघण्याआधी दहा मिनिटं मोबाइलवर घाला. वाहनांच्या सरकारी पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघा: एचपी (कर्जाचा बोजा) आहे का, टॅक्स कुठपर्यंत भरलाय, चलन किती थकलेत, गाडी काळ्या यादीत आहे का. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवर एचपी असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. तो आणणं विकणाऱ्याचं काम आहे, तुमचं नाही. टीटी फॉर्म म्हणजे मालकी बदलाचे २९ आणि ३० कोरे सही करून ठेवलेले असतात, त्यावर भुलू नका. ओटीपी आरसीवरच्या माणसाच्या मोबाइलवर जातो. तो माणूस समोर आल्याशिवाय टोकन देऊ नका.

लोक म्हणतात १५ वर्षं झाली की गाडी भंगारात. महाराष्ट्रात खासगी मालकीच्या गाडीला तसं नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांनी नोंदणी जाते ती सरकारी गाड्यांची. दिल्लीच्या पट्ट्याचे नियम वेगळे आहेत, ते इथे लावू नका. इथे गाडी फिटनेस पास झाली तर चालते. मात्र व्यावसायिक गाडीला आठ वर्षांनंतर फिटनेस दर वर्षी, शिवाय पर्यावरण कर. १५ वर्षांपुढच्या गाड्यांचं फिटनेस शुल्क १ एप्रिल २०२२ पासून एकदम चढलं आणि नंतरही बदललंय, तेव्हा जुन्या पोस्टमधला आकडा धरू नका. फिटनेस संपल्यापासून दिवसाला ५० रुपये विलंबाचा नियमही आहे. दोन वर्षांचे ३६,५०० होतात. सवलती अधूनमधून येतात-जातात, म्हणून याच गाडीच्या नंबरवर पोर्टल आज काय मागतंय ते काढा आणि ती रक्कम मागणीतून वजा करा. थर्ड पार्टी इन्शुरन्स १६ हजारांच्या पुढे, वर कर.

फिटनेसला रिफ्लेक्टिव्ह टेप (पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल), मागचा अंडररन गार्ड (मागून लहान गाडी खाली घुसू नये म्हणून आडवा दांडा), स्पीड गव्हर्नर, एचएसआरपी पाटी आणि पीयूसी बघतात. बीएस-३ डिझेलला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराच्या काळेपणाचं एकक). नोजल आणि पंप नीट असेल तर निघते.

आता तुमचा खरा प्रश्न. आधी ठरवा की ही गाडी आरसीवर काय राहणार. वर्कशॉप म्हणून वापरायची तर ती गुड्स कॅरिअरच राहू दे. यंत्रं म्हणजे तुमचा माल, बोल्टने बसवलेला पण काढता येणारा. "माल माझाच आहे, परमिट कशाला" असं मात्र म्हणू नका. ३,००० किलोपेक्षा जास्त जीव्हीडब्ल्यूच्या (मालासकट एकूण वजनाच्या) मालगाडीला स्वतःच्या मालासाठीही परमिट लागतं. कॅम्पर करायची तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आरसीतल्या तपशिलाशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मोटर कॅरॅव्हॅनला एआयएस-१२४ हे मानक आहे, ते एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून सिद्ध करून घ्यावं लागतं. एका जुन्या गाडीसाठी ही वाट लांब आणि खर्चाची आहे. साडेचार लाखांत कॅम्परचा विचार सोडून द्या.

लायसन्सची मात्र काळजी नको. ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलंय.

पत्रा_रिव्हेट:

बॉडीबद्दल कोणी बोललं नाही. भर दुपारी आत शिरा, दरवाजे बाहेरून लावायला सांगा आणि पाच मिनिटं अंधारात उभे राहा. जिथे उजेडाचे ठिपके दिसतील तिथे खडूने खूण करा. मग छतावर पाइपने दहा मिनिटं पाणी सोडा. ठिपक्यांपेक्षा गळती जास्त जागी निघेल, कारण रिव्हेटभोवती पाणी शिरतं आणि कोपऱ्यात उतरतं. वरून डांबर किंवा एम-सील थापलेलं असेल तर ते खरवडा, सैल रिव्हेट ड्रिल करून एक माप मोठे मारा आणि सांध्यावर पीयू सीलंट. सिलिकॉन नको, त्यावर रंग बसत नाही.

फ्लोअर दरवाज्यापासून आत दोन फुटांपर्यंत कुजलेलं असतंच. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा. फळ्या बदलणं सोपं आहे (१९ मिमी मरीन प्लाय, कडा आणि भोकं रंगवून). पण खालचे आडवे चॅनल गंजले असतील तर बॉडी उचलावी लागते. त्याला क्रेन लागते आणि शनिवार-रविवारचं गणित बिघडतं.

यंत्रं फ्लोअरच्या प्लायला कसू नका. आडव्या चॅनलमधून एम-१२ चे बोल्ट, खाली मोठा वॉशर आणि लॉक नट. जड रंधा मशीन मागच्या अॅक्सलच्या किंचित पुढे, बाकी वजन डाव्या-उजव्या बाजूला सारखं. चासीच्या वरच्या-खालच्या कडेला भोक पाडायचं नाही, वेल्डही करायचं नाही. वेल्डिंग येतं म्हणालात म्हणून मुद्दाम सांगतो. बॉडीवर वेल्डिंग करतानाही बॅटरीची दोन्ही टर्मिनल आणि अल्टरनेटरचा कनेक्टर काढा.

उतारावर_न्यूट्रल:

माझं मत: घेऊ नका. तुम्हाला वर्कशॉप हवी आहे, गाडी दुरुस्तीचा छंद नको आहे. टायर, ब्रेक, किंगपिन, पत्रा, फ्लोअर, फिटनेस, विलंबशुल्क, इन्शुरन्स मिळून दीड-पावणेदोन लाख इंजिनाला हात न लावता जातात. २ लाख ४० हजारांवर ते आले की बजेट जवळजवळ संपलं, हेड पॅकिंग गेलं तर पैसे कुठून? त्यापेक्षा चालू फिटनेसची, ३,००० किलोच्या आतली पिकअप घ्या. परमिटचा प्रश्नही मिटतो. आत उभं राहून काम करता येणार नाही, पण साइटवर बेंच बाहेर काढूनच काम होतं ना?

कमानपाटा:

@उतारावर_न्यूट्रल, भाऊ, हिशोब बरोबर आहे पण तो मागणीच्या किमतीवर केलाय. दीड लाखाला मिळाली तर चित्र बदलतं. कागद मेलेल्या ४०७ ची किंमत भंगाराएवढीच, हे दलालालाही माहीत असतं. रंधाभाऊ, गाडी वजनकाट्यावर न्या (ट्रेलरवर टाकून न्यावी लागली तरी चालेल, ट्रेलरचं वजन वेगळं करून वजा करा) आणि पावतीवरचं रिकामं वजन आरसीवरच्या वजनाशी जुळवा. त्याच वेळी आरसीत बॉडी टाइप काय लिहिलाय तेही वाचा. फूटपट्टी घेऊन मागचा ओव्हरहँगही मोजा. मागच्या अॅक्सलपासून बॉडीच्या टोकापर्यंत व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांवर जाता येत नाही. व्हीलबेस ३,४०० मिमी असेल तर २,०४० मिमी. घरसामानवाले सोफा मावावा म्हणून बॉडी मागे वाढवून घेतात.

रंधा_पटाशी:

सगळ्यांचे आभार. कागदताई, एचपी नाही, पाच चलनं आहेत, टॅक्स दीड वर्ष थकलाय. काट्याची पावती २,९६० किलो. आरसीवर रिकामं वजन २,४८०, जीव्हीडब्ल्यू ५,३००, आणि बॉडी टाइप "ओपन". ओव्हरहँग ६० टक्क्यांच्या आत आहे. चासीवर भेग नाही, डाव्या मागच्या कमानीत एक पाटा नवा. दलाल १ लाख ९० वर आलाय.

कागद_आधी:

हाच तो खिळा. उघड्या बॉडीची गाडी घेऊन कोणीतरी वर पत्र्याचा डबा बसवला आणि आरसीवर नोंद केलीच नाही. ४८० किलोचा फरक तिथूनच आला. वजनाने तुमचं काम अडत नाही. ५,३०० मधून २,९६० गेले तरी २,३४० उरतात, तुमची यंत्रं त्यात आरामात बसतील. पण या अवस्थेत गाडी फिटनेसला उभी केली तर परत पाठवतील. अपघात झाला तर इन्शुरन्सवालाही तेच बोट दाखवेल.

दोन रस्ते आहेत. जुन्या मालकाने बॉडी बदलाची परवानगी, आरसीवर नोंद आणि फिटनेस करून द्यायचं, मग १ लाख ९० द्या. किंवा आहे तशी घ्यायची तर बॉडीची किंमत शून्य धरा, केबिन-चासीचा भाव लावा आणि नोंदीचा सगळा खर्च त्यातूनही वजा करा. दलाल "आमचा एजंट करून देईल" म्हणाला तर आधी करून दे म्हणावं, पैसे नवी आरसी हातात आल्यावर.

कमानपाटा:

आणि चासी नंबरची पेन्सिल प्रिंट स्वतः काढा. उजव्या बाजूच्या चासीवर तारेच्या ब्रशने घासा, कागद ठेवून पेन्सिल फिरवा. टाटाचा नंबर एमएटी अक्षरांनी सुरू होतो. आकडे आरसीशी जुळले आणि भोवती ग्राइंडर फिरल्याची खूण नसेल तरच पुढचं बोलणं. डावीकडचा नवा पाटा एकट्याने ठेवू नका, दोन्ही बाजू सारख्या करून घ्या. यू-बोल्ट नवे घाला आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा कसा.